लॅपटॉप घेताना आधी ‘ट’ दाबून बघा

गेल्या रमजानच्या आधी भाचीचा फोन आला. “मामू, ‘ट’ आताच नै.”

लॅपटॉप चौदा महिन्यांचा होता. सेहरीच्या सरावासाठी रात्री लवकर उठून बसायची सवय तिने आधीच लावून घेतली होती, आणि अशाच एका पहाटे चहाचे चार थेंब उजव्या बाजूला सांडले. ‘ट’ गेला, शेजारचा ‘च’ अर्धा गेला. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे आठवडाभर कळलेही नसते, कारण त्या बटणांवर इंग्रजीत फक्त विरामचिन्हे असतात. पण ही पोरगी लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेची तयारी करते. मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द, अशी अट. ‘च’शिवाय मराठीचे एक वाक्य धड पुरे होत नाही, ३० शब्द कुठून होणार?

आम्ही दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने अदबीने सांगितले, “सर, या मॉडेलचा की-बोर्ड सुटा येत नाही. वरचा पूर्ण भाग बदलावा लागेल.” अकरा हजार दोनशे. लॅपटॉप घेतला होता छत्तीस हजारांना. आणि ते छत्तीस हजार माझ्या मेहुण्याने भिशी उचलून भरले होते, कारण हप्त्यावर घ्यायचा तर त्यात व्याज लपलेले असते की नाही यावर घरात दोन रात्री वाद झाला होता. (‘नो कॉस्ट’ म्हणजे खरंच काय, हा वेगळा लेख होईल.)

मेहुणा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. मागाचा पिकर झिजला, शटल फुटले, पट्टा तुटला की तेवढाच भाग बदलून तासाभरात माग चालू करणे हे त्याचे रोजचे काम. तो बिल बघून फक्त एवढेच म्हणाला, “माग बिघड्या तो पूरा माग फेंकते क्या?”

माझे या लेखातले म्हणणे तेवढेच आहे. लिहिणाऱ्या माणसाने, विशेषतः मराठीत लिहिणाऱ्याने, लॅपटॉप घेताना दोनच गोष्टी आधी बघाव्यात. बोटांना तो कसा लागतो, आणि बिघडला तर आपल्या शहरातला कारागीर तो किती पैशांत उघडून देतो. बाकीचे नंतर.

दुकानात मात्र नेमके उलटे होते. नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानात उभे राहा, गिऱ्हाईक विचारते रॅम किती, प्रोसेसर कोणता, स्क्रीन किती इंची, बॅग फुकट आहे का. की-बोर्डवर बोट ठेवून बघणारा मी फार कमी पाहिला. आपण चप्पल घालून चार पावले चालल्याशिवाय घेत नाही. रोज पाच-सहा तास ज्यावर बोटे आपटायची ती वस्तू मात्र काचेतून बघून घेतो.

मराठीचा प्रश्न इंग्रजीपेक्षा वेगळा आहे, हे परीक्षणे लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. व्यंजने जास्त, बटणे कमी, म्हणून ती उजव्या कडेपर्यंत सांडतात. अर्धविरामाच्या बटणावर ‘च’, त्याच्या शेजारी अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’, वर चौकोनी कंसावर ‘ड’, खाली प्रश्नचिन्हाच्या बटणावर ‘य’. ‘डॉक्टर’ आणि ‘ऑफिस’मधला तो अर्धचंद्र उलट्या तिरप्या रेषेच्या बटणावर. म्हणजे सगळा भार उजव्या करंगळीवर. आणि लॅपटॉप बनवणारे जागा वाचवायला नेमकी हीच उजव्या कडेची बटणे आक्रसतात, विशेषतः बाजूला आकड्यांचा चौकोन कोंबलेला असेल तर. शिवाय ‘ळ’, ‘ण’, ‘श’ या तिघांना शिफ्ट लागते, म्हणून डावीकडची शिफ्ट ताठ असेल तर डावी करंगळीही दुखते. जोडाक्षरांचा हलन्त इंग्रजी ‘डी’च्या बटणावर आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात आधी पुसले गेलेले अक्षर ‘डी’च होते. जुन्या रेमिंग्टन पद्धतीने टाइप करणाऱ्यांनाही विरामचिन्हांच्या बटणांवर अक्षरे शोधावी लागतात.

काही मित्र म्हणतात, आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करतो, आम्हाला काय फरक? नाही पडत, खरे आहे. पण परीक्षेला बसणाऱ्या मुलीला आणि दिवसाला दीड-दोन हजार शब्द लिहिणाऱ्याला पडतो.

तर दुकानात जाऊन काय करायचे? उभ्याने नाही, खुर्ची मागून बसायचे. तिथे मराठी चालू नसली तरी हरकत नाही, बोटे त्याच जागी फिरवायची. आपलाच एखादा परिच्छेद दहा मिनिटे टाइप करायचा. बटण किती खोल जाते ते बघायचे. दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर बोटाला कळते की अक्षर उमटले. एक मिलिमीटरच्या खाली गेले की बोट टेबलावर आपटल्यासारखे होते. की-बोर्ड मध्यभागी दाबून तो खाली दबतो का, तेही बघायचे. दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावे.

पातळपणाच्या हौसेचे काय होते ते ॲपलने जगाला दाखवून दिले आहे. २०१५ साली त्यांनी अतिशय उथळ बटणांचा ‘बटरफ्लाय’ की-बोर्ड आणला. धुळीचे कण अडकून बटणे बंद पडायला लागली. २०१८ साली कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९च्या शेवटी जुन्या पद्धतीकडे परतावे लागले, आणि २०२२ साली अमेरिकेतल्या दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि धूळ खिडकी बंद केली तरी आत येते. इथे की-बोर्ड आणि पंखा या दोन गोष्टी आज ना उद्या बिघडणारच असे धरून चालावे.

म्हणून दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. आमच्या भागातल्या कारागिराने मला भाचीचा लॅपटॉप उघडून दाखवला. की-बोर्ड स्क्रूने बसवलेलाच नव्हता, प्लास्टिकचे बारीक खुंट वितळवून वरच्या भागाला कायमचा चिकटवला होता. तिथपर्यंत पोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळे बाहेर काढावे लागते. त्याच्या टेबलावर एक जुना थिंकपॅड टी-४८० होता, २०१८चा. त्यात मदरबोर्डला हात न लावता की-बोर्ड निघतो, आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्याही सुट्या. एकाची कळ कारागिराच्या हातात, दुसऱ्याची कंपनीच्या.

लेनोव्हो, डेल, एचपी यांच्या ऑफिसांसाठी बनवलेल्या लॅपटॉपची दुरुस्तीची पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. विकत घेण्याआधी ती उघडून की-बोर्ड कितव्या पायरीला निघतो ते मोजा, दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते बरे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे ग्राहक खात्याने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, पण दुकानातल्या खोक्यावर अजून तसा आकडा नाही. तोवर पुस्तिका आणि कारागीर, हेच आपले गुणपत्रक.

वीस हजारांत ऑफिसातून निघालेला जुना, जाड, काळा लॅपटॉप घ्यावा की पस्तीस-चाळीस हजारांत नवा चकचकीत? माझे मत जुन्याच्या बाजूने आहे. त्याचे तोटे आहेत. बॅटरी थकलेली असते, वजन जास्त, आणि बिल नसलेला माल चोरीचाही असू शकतो, म्हणून बिलाशिवाय घेऊ नये. विंडोज १०ला मोफत अपडेट मिळणे ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले, त्यामुळे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा विंडोजसाठी घेऊ नका. पण उरलेले पैसे हातात राहतात, आणि बिघाड हजार-दीड हजारांत मिटतो.

हे मी आणखी एका कारणासाठी लिहितो आहे. दर रमजानमध्ये जकातीच्या पैशांतून गरजू मुलामुलींना लॅपटॉप वाटले जातात. फोटो निघतात, त्याला माझी ना नाही. पण वर्षा-दीड वर्षात त्यातले काही खाटेखाली पडलेले मी पाहिले आहेत. बिडी वळणाऱ्या आईने दहा हजारांची दुरुस्ती कुठून करायची? वाटणाऱ्यांनी स्वस्तात स्वस्त नवा लॅपटॉप न घेता सहज उघडणारा घ्यावा आणि थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. आपले पैगंबर आपली फाटलेली चप्पल स्वतः सांधत, हे आपण दर वर्षी सीरतच्या जलशात ऐकतो. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हेही ऐकतो. खरेदीच्या यादीपर्यंत ते पोचत नाही. आणि ज्या सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तिथली पोरगी मराठीत लिहायचे थांबते ती एका बटणापायी, हे मला सहन होत नाही.

भाचीच्या लॅपटॉपचे काय झाले? कारागिराने चौदाशेंत सुटा की-बोर्ड कुठून तरी मिळवला, खुंट तोडले, आणि नवा डिंकाने बसवला. मध्यभागी तो थोडा दबतो. ‘ट’ येतो, पण जोर द्यावा लागतो. तिचा मराठीचा वेग सध्या २७ आहे. मेहुण्याने पुन्हा भिशी लावली आहे, आणि या वेळी दुकानात मला सोबत यायला सांगितले आहे.