अडकलेले पार्सल आणि घरातील ज्येष्ठ

जानेवारीचा पहिला आठवडा सरला, की काही घरांचे वेळापत्रक विस्कटते. नऊच्या सुमारास जेवणारा नातू अकराला घरी येतो, ताटावर बसल्या बसल्या मोबाइल उघडतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासतो : पार्सल कुठवर आले? यंत्रमानव स्पर्धेची तयारी करणाऱ्या संघांतील मुलांच्या घरी ही प्रतीक्षा दरवर्षी ठरलेली असते. तिचा ताण मुलांवर पडतो हे उघड आहे. परंतु दिवसभर घरी असणाऱ्या, दारावरची घंटा वाजताच उठणाऱ्या आणि घरचा फोन घेणाऱ्या आजी-आजोबांशीही तिचा निकटचा संबंध आहे. तो कसा, हे आजच्या लेखात पाहू.

अशा स्पर्धांपैकी एक मोठी स्पर्धा भरवणारी ‘फर्स्ट’ ही संस्था डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत स्थापन केली. अंगावर बाळगता येईल असा औषध-पंप तयार करणारे संशोधक म्हणून वैद्यकक्षेत्रही त्यांना ओळखते. या संस्थेच्या मोठ्या यंत्रमानवांच्या स्पर्धेचा खेळ दरवर्षी जानेवारीच्या आरंभी जगभर एकाच दिवशी जाहीर होतो आणि मार्चमध्ये फेऱ्या ऐन भरात असतात. मधल्या काही आठवड्यांत आराखडा, जुळणी, चाचणी हे सारे उरकायचे असते. मुख्य नियंत्रक कोणता, मोटारी कोणत्या, हे नियमांनीच ठरवून दिलेले असते. त्यामुळे एखादी मोटार जळाली, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारी दुसरी बसवून भागत नाही. ती अमेरिकेतून किंवा चीनमधूनच मागवावी लागते, आणि तिथून विलंबाची कहाणी सुरू होते.

हा विलंब बहुधा कोणाच्या दुष्टाव्याचा नसतो. त्याची कारणे साधी आणि समजण्याजोगी आहेत. पहिले कारण पंचांगाचे. चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. त्या काळात तेथील कारखाने व गोदामे आठवडा-दोन आठवडे बंद असतात, आणि मुलांना सुट्या भागांची निकड नेमकी त्याच दिवसांत असते. दुसरे कारण कागदांचे. बीजकावर ‘यंत्राचे भाग’ एवढेच मोघम लिहिलेले असेल, किंमत अवास्तव कमी दाखवलेली असेल, किंवा मागवणाऱ्याची ओळखपत्रे अपुरी असतील, तर सीमाशुल्क विभाग, ज्याला आपण बोलताना कस्टम म्हणतो, विचारणा करतो आणि उत्तर मिळेपर्यंत पार्सल जागचे हलत नाही. तिसरे कारण वस्तूचे. बिनतारी संदेश पाठवणारे उपकरण असल्यास दूरसंचार विभागाच्या मान्यतेचा प्रश्न येतो. लिथियम-आयन बॅटरी सुटी पाठवायची असल्यास ती १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानाच्या मालकक्षातून नेता येत नाही. तिला मालवाहू विमानच लागते, तेही ठरावीक वेष्टन आणि मर्यादित भार राखूनच. म्हणून जाणते संघ बॅटरी परदेशातून मागवण्याच्या भरीस पडत नाहीत. मोठ्या यंत्रमानवाला लागणारी बारा व्होल्टची बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची, घरच्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची असते.

शुल्काचा हिशेबही अनेकांना चकवतो. ते केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा यांचा खर्च धरून जे मूल्य होते, त्यावर लागते, आणि त्या बेरजेवर पुन्हा एकात्मिक वस्तू व सेवा कर येतो. स्वस्तात मिळालेला भाग दारापर्यंत येताना महाग का होतो, याचे उत्तर येथे आहे. परदेशातील मामा किंवा काका कधी प्रेमाने खोक्यावर ‘भेटवस्तू’ असे लिहून देतात. त्याने शुल्क वाचत नाही, उलट अडचण वाढते. डिसेंबर २०१९ पासून टपालाने अथवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल सोडवून घेण्यास आपल्याकडे मनाई आहे. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधे आणि राखी.

आता ज्येष्ठांचा संबंध. संस्थेच्या नावाने माल मागवायचा, तर सामान्यतः आयात-निर्यात संकेतांक लागतो. सगळ्याच शाळांकडे तो नसतो. मग एखादे पालक भाग आपल्या नावे मागवतात. पुष्कळदा आजोबांचे नाव, पत्ता व फोन क्रमांक दिला जातो, कारण दुपारी घरात तेच असतात. ओळख पटवण्यासाठी त्यांच्या आधार कार्डाची प्रत पाठवली जाते. सुशिक्षित, हौशी आजोबांना यात आपण उपयोगी पडलो याचे समाधानही मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या क्षणापासून हे घर खरोखर परदेशी पार्सलची वाट पाहणारे घर होते. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’ हे वाक्य अशा घरात खोटे वाटत नाही. फसवणूक करणाऱ्यांना नेमके हेच हवे असते.

या फसवणुकीची रीत आता बहुतेकांच्या कानांवर आली आहे. कुरिअर कंपनीच्या नावाने फोन येतो. तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ किंवा बनावट पारपत्रे सापडल्याचे सांगितले जाते. मग पोलीस किंवा सीमाशुल्क अधिकारी म्हणून दुसरी व्यक्ती व्हिडिओवर येते, खोलीचे दार लावायला सांगते, घरच्यांना काही कळू देऊ नका असे बजावते आणि चौकशीच्या नावाखाली खात्यातील रक्कम ‘तपासणीसाठी’ वळती करायला लावते. यालाच ‘डिजिटल अटक’ म्हणतात. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याबाबत देशाला सावध केले होते.

असा फोन आल्यावर शरीरात काय घडते, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. भीतीने अॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि मन एकाच गोष्टीवर खिळते. समोरचा सांगतो ते ऐकावे आणि सुटका करून घ्यावी, एवढेच सुचते. ऐकू कमी येत असेल तर अर्धे शब्द निसटतात आणि विचारायचा संकोच वाटतो. म्हणूनच निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर असे जाणकारही फसतात. बुद्धी कमी पडली असा त्याचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला हा ताण प्रत्यक्ष अपाय करू शकतो; पैसे वाचले तरी अशा फोननंतर छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे असे काही जाणवल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

उपाय घरातच आहे, आणि तो पार्सल मागवण्याच्या दिवशीच करायचा आहे. ज्या मुलाने भाग मागवला, त्याने एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात : काय मागवले, कोठून, कोणत्या कुरिअरने, आणि पार्सलचा क्रमांक. खाली अंदाजे शुल्क लिहावे. हा कागद फोनजवळ लावावा. फोन करणाऱ्याला क्रमांक आपण सांगायचा नाही, त्याला विचारायचा. तो जुळला तरी पैशाचा विषय निघताच ‘घरातले लोक बघतील’ एवढे म्हणून फोन ठेवायचा. खऱ्या कुरिअर कंपन्याही शुल्क भरण्यासाठी संदेश पाठवतात, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी आलेल्या दुव्यावर न जाता कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन, कागदावरचा क्रमांक घालून, तरुणांपैकी कोणीतरी रक्कम भरावी. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी बँक खात्यात पैसे मागत नाही. त्याच्या अधिकृत पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, मग तो कितीही अदबीने मागितलेला असो.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता असते. आणि घरच्यांनी त्या दिवशी ‘असे कसे फसलात?’ हा प्रश्न विचारू नये. फसवले गेलेले ज्येष्ठ पैशापेक्षा लाजेने अधिक खचतात. झोप उडते, जेवण तुटते, बोलणे कमी होते. त्या लाजेच्या भयाने पुष्कळ जण दोन-दोन दिवस काहीच सांगत नाहीत आणि मोलाचे तास हातचे जातात. ‘काही झाले तरी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही’ हे वाक्य आधीच बोलून ठेवलेले बरे.

ज्या घरांत औषधे परदेशातून येतात, त्यांनाही ही शिस्त लागू पडते. १९४५ च्या औषध नियमावलीनुसार वैयक्तिक वापरासाठी परवाना घेऊन मागवलेल्या औषधाचे प्रमाण परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाजवी वाटेल एवढेच असावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावीच. दुर्मिळ आजारांवरील औषधे वैयक्तिक वापरासाठी मागवल्यास १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्कातून सूट आहे; तिच्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. हातातला साठा संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा महिनाभर आधी मागणी नोंदवावी.

मुलांनीही विलंब गृहीत धरूनच आखणी करावी. हमखास लागणारे भाग दिवाळीच्या सुमारास मागवावेत आणि जळणाऱ्या-तुटणाऱ्या भागांची एक जास्तीची जोडी ठेवावी. शेजारच्या शहरातील संघाशी ओळख असावी; अडीनडीला एक मोटार उसनी मिळाली, तर महासागरापलीकडे पाहावे लागत नाही. आजी-आजोबांनी त्यांना एवढेच सांगावे, की पार्सलची स्थिती दर दहा मिनिटांनी पाहिल्याने ते लवकर येत नाही. दिवसातून दोनदा पाहावे, रात्री फोन बाजूला ठेवावा आणि जेवण वेळेवर घ्यावे. येत्या रविवारी आजी-आजोबा आणि नातवंडांनी एकत्र बसून तो चार ओळींचा कागद तयार करावा. पार्सल यायचे तेव्हा येईल. तोवर घर सावध आणि शांत राहील.