बळीचं राज्य कुणाच्या तोंडी?

दोस्तांनो, दिवाळी जवळ आली की आपल्या वस्तीत दोन तट पडतात. एक म्हणतो, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, आता कसली दिवाळी? दुसरा म्हणतो, पोरांच्या तोंडात करंजी पडू दे की. मला या भांडणात पडायचं नाही. मला तिसराच सवाल छळतो. हा सण आला कुठून? आणि ते आपल्याला सांगणार कोण?

भटजीला विचाराल तर तो पुराण उघडतो. वामन बटू आला, तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी-आकाश व्यापलं, तिसरं बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात गाडला. गोष्ट संपली, दक्षिणा ठेवा. हाच पाय सहाव्या शतकात बदामीच्या लेण्यांत दगडात कोरला गेला. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातही तो उचललेला दिसतो. जिंकणाऱ्याला डोंगर मिळतो, छिन्नी मिळते, राजाची देणगी मिळते.

हरलेल्याला काय मिळतं? आयाबायांचं तोंड मिळतं. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ ज्या बायांना पाटीवर अक्षर गिरवू दिलं नाही, त्यांनी ओवाळताना हे वाक्य जपलं. आता सांगा, वामनाचं राज्य जर धर्माचं, तर आमच्या आज्या गाडलेल्या राजाचं राज्य परत का मागत होत्या? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच नस धरली. बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा राजा, वामन हा बाहेरून आलेल्या आर्यांचा म्होरक्या, खंडोबा-म्हसोबा हे बळीचे अधिकारी, अशी त्यांनी सगळी गोष्ट उलटी टांगली. पोथी उलटी धरली की तिच्यातून काय काय गळतं ते महाराष्ट्रानं तेव्हा पाहिलं.

बरं, ही नुसती आज्यांची बडबड म्हणाल, तर अल्बेरुनीकडे चला. हा परदेशी पंडित संस्कृत शिकला आणि इ.स. १०३०च्या सुमारास त्यानं हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. तो दिवाळीबद्दल सांगतो की, लक्ष्मी पाताळातल्या बळीला वर्षातून एकदा सोडवते आणि जगात येऊ देते, म्हणून या सणाला बळीराज्य म्हणतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या सणाच्या नावातच बळी बसला होता! आज मिठाईच्या खोक्यावर, सोन्याच्या जाहिरातीत, साड्यांच्या सेलमध्ये शोधा बरं तो. त्याला दुसऱ्यांदा गाडलाय, आणि या वेळी बाजारानं.

आणि ‘सनातन परंपरा’ म्हणून जे कानाचे पडदे फाडतात ते फटाके? बंदुकीची दारू चीनमधून आली. परशुराम कृष्ण गोडे यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून आपल्याकडच्या शोभेच्या दारूचा इतिहास लावला, तो इ.स. १४००च्या सुमारास सुरू होतो. अल्बेरुनीच्याही किती नंतर! सणाला प्रत्येक काळानं आपापलं ठिगळ लावलंय. सनातन म्हणतात ते हे.

आता थोडं आपल्या पोरांशी. दर ऑक्टोबरात तुमच्या मोबाइलवर मजकूर फिरतात. बळी अमुक साली मेला, तमुक गावी त्याची राजधानी होती. गड्यांनो, कुठून आणलं हे? त्या राजाचा शिलालेख नाही, नाणं नाही. जोतीरावांनी पुराणाला सवाल केला. तुम्ही त्या सवालाचं नवं पुराण करू नका. खोटी तारीख एक सापडली की समोरचा तिच्यासकट आपला खरा सवालही कचऱ्यात टाकतो. बाबासाहेबांच्या चौथ्या प्रतिज्ञेत अवतार नाकारलाय. वामन गेला म्हणून त्या रिकाम्या चौरंगावर बळीची मूर्ती बसवायची नाही. चौरंगच मोडायचा.

मग शोध घ्यायचा कशाचा? हातांचा घ्या. लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी आणतात, लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहतात. शिंदीच्या पानांची ती केरसुणी वळली कुणी? मांगवाड्यातल्या हातांनी. केरसुणी देव्हाऱ्यापाशी गेली, ती वळणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पोथीत याचा अध्याय नाही. हा अध्याय आपण लिहायचाय, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून, नाव-गाव-साल टिपून. ती माणसं एकेक करून चाललीत, त्यांच्याबरोबर आपला पुरावाही चाललाय.

आणि बीडकडं बघा. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बिऱ्हाड पाठीवर आणि कोयता हातात घेऊन ऊसतोड मजूर निघतात, बाया-पोरांसकट, उसाच्या फडाकडं. वर्तमानपत्रं शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणतात. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या मजुराला कुठला राजा म्हणायचं? बळीच्या नावातूनही आपल्याला हाकललंय की काय?

म्हणून मी म्हणतो, बळी होऊन गेला की नाही यावर रात्र जाळू नका. त्याचं राज्य येवो असं माणसं पिढ्यान् पिढ्या म्हणत राहिली, एवढं पक्कं आहे. पोट भरलेला माणूस असं दरवर्षी मागत नाही. ज्याला जमीन नाही, पाण्यावर हक्क नाही, दारात मान नाही, तोच मागतो. आज्यांनी ते ओवाळणीत मागितलं, कारण दुसरीकडे कुठं मागायची सोय नव्हती. आपल्याला आता अर्ज लिहिता येतो, मोर्चा काढता येतो, कायदा वाचता येतो. पणती लावा नाहीतर लावू नका. फक्त आज्यांची ती मागणी तबकातून उचला आणि रस्त्यावर आणा.