चौदा डबे कोणासाठी?

'साखरेचे खाणार त्याला देव देणार' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात साखर काही रोज मिळत नसे. सणावाराला पुरणपोळी, पाहुणा आला तर शिरा, आणि एरवी उन्हातून आलेल्याच्या हातावर पाण्याबरोबर गुळाचा खडा. गोड निमित्ताने यायचे. आता निमित्ताची गरज उरलेली नाही. सकाळच्या चहापासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत गोड आपल्या घरी मुक्कामालाच आले आहे आणि त्याच्या मागोमाग मधुमेहही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज दहा कोटींहून अधिक मधुमेहींचा आहे.

अशा देशात 'शुगर फ्री' या दोन शब्दांना मंत्राचे बळ आले तर नवल नाही. लग्नाच्या जेवणात बिनसाखरेची बासुंदी वेगळ्या टेबलावर असते आणि तिच्याभोवती मधुमेह्यांपेक्षा निरोगी मंडळीच जास्त दिसतात. उलट, 'त्याने कॅन्सर होतो म्हणे' असे ऐकून गोळ्यांची डबी केरात टाकणारे आणि चहात पुन्हा दोन चमचे साखर घालणारे मधुमेही माझ्याच नात्यात आहेत. एकाला जे अमृत वाटते ते दुसऱ्याला विष. माझे म्हणणे एवढेच, की विचारायला हवा तो प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. किती, आणि कोणी?

या कृत्रिम गोडीचा इतिहास दोन्ही पक्षांनी वाचण्याजोगा आहे. सॅकरिन सापडले १८७९ मध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, दगडी कोळशाच्या डांबरातील रसायनांवर काम चालू असताना. १९७७ मध्ये, भरपूर सॅकरिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यामुळे अमेरिकी सरकारने बंदीची तयारी केली. लोकांनी, विशेषतः मधुमेह्यांनी, ओरड केली. बंदी टळली, पाकिटावर इशारा आला. पुढे, उंदरांच्या शरीरात घडणारी ती प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही असे दिसून आले आणि २००० मध्ये इशाराही गेला. सुक्रालोजचा शोध तर भारतीय हातून लागला. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला एक रसायन 'टेस्ट' करायला सांगितले होते. तपासायचे ते त्यांनी चाखले, असा किस्सा सांगतात. निघाले ते साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड!

अ‍ॅस्पार्टेमवर वादळ उठले ते जुलै २०२३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले आणि वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकले. पण हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नव्हे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. आणि याच संस्थेने ज्या सुपारीला पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक अशा गटात ठेवले आहे, ती आपण जेवणानंतर तबकातून मानाने फिरवतो.

त्याच वेळी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने अ‍ॅस्पार्टेमची जुनी मर्यादा कायम ठेवली. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. पेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले, तर सत्तर किलोंच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डब्यांहून अधिक प्यावे लागेल. हे वाचून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही हिशेब पडताळून पाहिला. तो बरोबर आहे. मात्र तो सत्तर किलोंच्या माणसाचा आहे. हाच हिशेब बालवाडीतल्या पंधरा किलोंच्या मुलासाठी मांडा. मर्यादा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ते तीन डबे. या मर्यादेत सुरक्षिततेसाठी मोठी जागा ठेवलेली असते, तेव्हा वाढदिवसाला एखादे पेय प्यायल्याने मुलाला काही होईल असे नाही. पण पेय, जेली, च्युइंगगम, 'बिनसाखरेची' बिस्किटे असे सगळे मिळून रोज पोटात जाऊ लागले, की चौदा डब्यांचा दिलासा त्या मुलाच्या कामाचा राहत नाही.

बरे, आईबापांनी हिशेब करायचा म्हटला तरी करणार कसा? पाकिटावर ९५१ किंवा ९५५ असा आकडा असतो. किती मिलिग्रॅम, ते बहुधा नसते. 'मुलांसाठी शिफारस नाही' ही ओळ मी डब्यावर वाचली आहे, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. फिनाइलकीटोन्यूरिया या दुर्मीळ जन्मजात विकाराच्या रुग्णाला अ‍ॅस्पार्टेम खरोखरच घातक. त्याच्यासाठीचा इशाराही तसाच. आपल्या नियमांनुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की पुरे, मराठी ऐच्छिक. ज्या आजी नातवाला दुपारी खाऊ देतात, त्यांच्यासाठी हा इशारा असून नसल्यासारखा.

रंगांचेही तेच. २००७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाने मुलांवर केलेल्या अभ्यासानंतर युरोपात २०१० पासून सहा कृत्रिम रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो' असे छापावे लागते. त्या सहांपैकी टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझीन आणि पाँसो हे चार आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. आपल्या पाकिटावर मात्र १०२, ११० असे नुसते आकडे. सुट्या मालावर तर तेवढेही नाही. तामिळनाडूत २०२४ मध्ये 'बुढ्ढी के बाल'मध्ये कापड रंगवायचा ऱ्होडामिन-बी सापडला, तेव्हा कुठे त्यावर बंदी आली.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक सल्ला दिला. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांचा आधार घेऊ नका. दीर्घकाळात त्यांचा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना हा सल्ला लागू नाही, असेही तिने स्पष्ट केले. मला यात शहाणपण दिसते. मधुमेही माणसाच्या चहातली ती इवलीशी गोळी ही त्याची कुबडी आहे. ती डॉक्टरांना विचारून खुशाल वापरावी, भीतीपोटी साखरेकडे परतू नये. पण धडधाकट घराने कुबड्या घेऊन चालायचे कशासाठी? आणि मुलांच्या जिभेला सहाशे पट गोडीची सवय लावली, तर उद्या त्यांना पेरू आणि चिकू फिकेच लागणार.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. घरात चहाची साखर दर महिन्याला थोडी कमी करावी. जीभ पाहता पाहता सरावते. आणि शाळेच्या पालकसभेत, ग्राहक पंचायतीत, आमदार-खासदारांच्या भेटीत एक मागणी लावून धरावी. गोडवा किती मिलिग्रॅम आहे, ते पाकिटावर छापा, आणि मुलांविषयीचा इशारा आमच्या भाषेत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत द्या. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालाकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.