चाचणीचा कागद दाखवा

26/11 च्या हल्ल्याच्या रात्री दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख हेमंत करकरे दादरच्या घरून निघाले आणि सीएसटीवर हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट चढवताना साऱ्या देशाने त्यांना टीव्हीवर पाहिलं. दादर म्हणजे आम्हा माटुंगेकरांचा शेजार. इथे अजूनही विषय निघाला की कुणीतरी ठणकावून सांगतं, ‘जॅकेट बोगस होतं, म्हणून गेले.’

मला एवढं ठणकावून सांगता येत नाही. गोळ्या जॅकेटने न झाकलेल्या भागात लागल्या, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. त्याचा सोक्षमोक्ष लावायचा तर जॅकेट हाताशी हवं. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा ते सापडत नसल्याचं उत्तर मिळालं. पुढे कळलं, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने ते कचऱ्यात टाकलं होतं. एटीएस प्रमुखाच्या अंगावरचा पुरावा कचऱ्यात! कविताताई 2014 मध्ये गेल्या. प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं नाही.

खरेदीतला भ्रष्टाचार म्हटला की आपल्याला बोफोर्स आठवतं. पोलिसांची खरेदी त्यापुढे चिल्लर, म्हणून तिकडे कुणी वळूनही बघत नाही. आणि नेमकं तिथेच फावतं. निविदेबरोबर येणारा नमुना झकासच असतो. गोम असते ती मागाहून येणाऱ्या मालात. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं, माल गोदामात उतरवून घ्यायचा, स्वीकृतीच्या कागदावर सह्या करायच्या. मधली तपासणी कागदावरच उरकली, तर ती चोरी कळणार कधी? गोळी सुटल्यावर.

2017 मध्ये महाराष्ट्र पोलिसांकडे सुमारे 4,600 जॅकेटं आली. एके-47 ची चाचणी झाली आणि त्यातली 1,430 परत पाठवावी लागली. लोकांना ही बातमी लाजिरवाणी वाटली. मला उलट हायसं वाटलं. कुणीतरी खरोखर गोळी झाडून पाहिली होती. पण बुलेटप्रूफ जॅकेटांचं भारतीय मानक निघायला 2018 उजाडलं. म्हणजे हल्ल्याला दहा वर्षं होईपर्यंत ‘चांगलं जॅकेट’ कशाला म्हणायचं, याची देशभर लागू होईल अशी एक मोजपट्टीच नव्हती.

मंत्रालयाचं नेहमीचं उत्तर ठरलेलं: सुरक्षेचा प्रश्न आहे, तपशील देता येणार नाही. ठीक. जॅकेट कशाचं बनलंय ते सांगू नका. पण कुठल्या लॉटमधली किती तपासली, किती फुटली आणि माल पास केल्याची सही कुणाची, यात कसलं आलंय गुपित? हे लपवून फायदा फक्त पुरवठादाराचा आणि त्याच्या साहेबांचा होतो.

किंग्ज सर्कलला नाकाबंदीवर उभ्या असलेल्या हवालदाराला हा प्रश्न विचारायची सोय नाही. त्याला शिस्त आडवी येते. तुम्हा-आम्हाला येत नाही. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एक पत्र टाका आणि प्रत्येक लॉटचा चाचणी अहवाल सभागृहाच्या पटलावर मागायला लावा.

— माटुंगेकर