लंडनला गेलात आणि हाउन्सलोत राहिलात?

लंडनहून परतलेल्या माणसाला आपल्या समाजात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. राणीचा (आता राजाचा म्हणायला हवे) राजवाडा पाहिलात का, हा पहिला. आणि राहायला कुठे होता, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर ‘हाउन्सलो’ असे आले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. ‘म्हणजे तिथेही भारतीयांतच राहिलात! मग एवढ्या लांब गेलात कशाला?’ लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले.

आपली माणसे इंग्लंडला जातात ती काही आजची गोष्ट नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या बेटावरच्या कितीतरी मुली आणि मुलगे तिकडच्या रुग्णालयांत, विशेषतः मनोरुग्णांच्या रुग्णालयांत, परिचारिकेचे शिक्षण घ्यायला गेले. आता काळ बदलला. एबेनच्या कचेऱ्यांतून हिशेबनीस आणि संगणकाची माणसे तीन महिने, सहा महिने कामासाठी धाडली जातात. आमच्या घरातही हेच झाले. यजमानांना त्यांच्या कंपनीने हीथ्रो विमानतळाजवळच्या एका कचेरीत पाच महिन्यांसाठी पाठवले. नोव्हेंबरात शाळेला मोठी सुट्टी लागल्यावर मीही गेले आणि जानेवारीपर्यंत हाउन्सलोच्या एका भाड्याच्या खोलीत राहिले. खाली लिहिते ते तेवढ्या मुक्कामातून.

हाउन्सलो हे लंडनच्या पश्चिम टोकाचे गाव. डोक्यावरून विमाने जातात, तीही इतक्या खालून की पोटाखालची चाके मोजता यावीत. वारा पश्चिमेचा असला की दीड-दोन मिनिटांनी एक. तिथल्या एका बालशाळेच्या मैदानात मातीचे घुमट बांधले आहेत, मुलांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे म्हणून. शिक्षिकेच्या नजरेला टॉवर ब्रिजपेक्षा हे घुमट जास्त दिसले, याचे कुणी नवल मानू नये. शेजारच्या साउथॉलमध्ये १९५० च्या दशकात रबराच्या कारखान्यात पंजाबी कामगार आले, मग विमानतळाने आणखी लोकांना काम दिले, आणि ती वस्ती पसरत हाउन्सलोपर्यंत पोचली. ‘बेंड इट लाइक बेकहम’ हा २००२ चा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना तिथली घरे ओळखीची वाटतील. हमरस्त्यावर कढीपत्ता मिळतो, कारली मिळतात, गुरुद्वारात कोणीही जाऊन पंगतीला बसावे. मात्र आपली ढोलपुरी मला तिथे कुठे दिसली नाही, हे दुःख नोंदवून ठेवते.

तेव्हा धक्का कसला, असे कुणी म्हणेल. तो होता, पण जिथे असेल असे वाटले होते तिथे नव्हता. थंडीची भीती घालून सगळ्यांनी लोकरीचे कपडे दिले होते. थंडी सोसता येते. अंधार सोसत नाही. आपल्याकडे ऐन थंडीच्या दिवसांतही अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि त्यातही ढग. कपडे बाहेर वाळत घालायची सोय नाही, म्हणून ते खोलीतच टांगायचे, आणि भिंतींना बुरशी धरायची. पाच महिन्यांत यजमान कचेरीत कुणावर रागावले नाहीत, पण एका ओल्या बनियनवरून तासभर घर डोक्यावर घेतले.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपण बसमध्ये चढलो की चालकाला, दुकानात शिरलो की दुकानदाराला ‘बोंझूर’ म्हणतो. तिथे आगगाडीत समोरासमोर गुडघे टेकवून बसलेली माणसे एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत. बसमध्ये कंडक्टर नाही, आणि २०१४ पासून रोख पैसेही घेत नाहीत. हातात नाणी घेतलेला नवखा माणूस दारातच अडतो आणि मागची रांग एक शब्द न बोलता त्याला तो नवखा असल्याचे कळवते. कचेरीत ‘आर यू ऑलराइट?’ असे विचारतात, तेव्हा आपली तब्येत सांगू लागायचे नसते. तो नुसता नमस्कार असतो. साहेबाला नावाने हाक मारायची असते. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले तर कल्पना बहुधा पसंत पडलेली नसते. आपण मोठ्यांपुढे नाही म्हणायला संकोचतो, म्हणून ‘करतो’ म्हणतो. तिकडचे ते वचन समजून तारीख लिहून घेतात. यातले एकही एवढेसे मोठे नाही. पण दिवसातून पन्नास वेळा असे अडखळले की माणूस रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण मूर्ख आहोत की काय, असा विचार करू लागतो. घरी तर तो शहाणा गणला गेलेला असतो!

कालेर्व्हो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९६० साली या स्थितीवर एक छोटा लेख लिहिला आणि ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ झाला. त्यांचे म्हणणे असे की, रोजच्या वागण्यातल्या हजारो बारीक खुणा, हात केव्हा मिळवावा, कुणाला काय म्हणावे, कुणाचे बोलणे खरे मानावे, या एकदम नाहीशा झाल्या की माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा होतो. त्यांनी पायऱ्याही सांगितल्या आहेत. पहिले काही दिवस किंवा आठवडे सगळे सुंदर वाटते. मग चिडचिड, झोप न लागणे, क्षुल्लक गोष्टींवर संताप, यजमान देशाची निंदा आणि आपल्या देशबांधवांत घुसून बसणे. त्यानंतर हळूहळू सावरणे. म्हणजे विमानतळावर पोचवायला गेलेले आपण ज्या दिवसाची काळजी करतो तो पहिला दिवस धोक्याचा नसतोच. धोक्याचा असतो तो दुसरा महिना, जेव्हा फोनवर आपण विचारतो, ‘काय काय पाहिलेस?’ आणि पलीकडून उत्तर येते, ‘सगळे छान आहे.’

शिक्षकांना यात नवीन काहीच नाही. आपल्या बेटावरचे प्रत्येक मूल पाच-सहा वर्षांचे झाले की हाच धक्का खाते. घरी क्रेओल, पुस्तकात इंग्रजी आणि फ्रेंच, आणि त्यात आपली मराठी. २०१२ पासून क्रेओल हा विषय शाळेत घेता येतो, त्यापूर्वी तोही आधार नव्हता. पहिलीच्या वर्गात महिनोन् महिने गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की, अशा मुलाला बोल बोल म्हणून टोचू नये. त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारे एखादे मूल शेजारी बसवावे. गप्प मूल ऐकत असते.

आता हाउन्सलोकडे या. हाउन्सलो हे असे शेजारी बसवलेले मूल आहे. दिवसभर कचेरीत परक्या खुणा वाचून थकलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास खुणा वाचाव्या लागत नाहीत, एवढेच ते गाव त्याला देते. भाजीवाला पंजाबी बोलतो, आपल्याला पंजाबी येत नाही, तरी कोथिंबिरीची जुडी कशी घ्यायची हे दोघांनाही ठाऊक असते. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. १७८१ साली रघुनाथराव पेशव्यांचे वकील लंडनला आले, त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण होते. त्यांना आपला स्वयंपाक आणि आन्हिक करायला जागा मिळेना. तेव्हा एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. आयरिश मुत्सद्द्याने पाहुण्याला दिलेले ते दोन खणांचे हाउन्सलोच म्हणायचे! उलट रंगो बापूजींचे पाहा. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते १८४० च्या सुमारास लंडनला गेले. काम संपवून परतायचे होते. राहिले तेरा-चौदा वर्षे. तिथे असताना १८४७ साली महाराज वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले. आपली म्हणावी अशी वस्ती त्या शहरात तेव्हा नव्हती. महाराष्ट्र मंडळ तिथे निघाले ते १९३२ साली. एवढी वर्षे तो माणूस कुणाशी मराठीत बोलला असेल, हा विचार त्या मुक्कामात मला वारंवार पडे.

पण पूर्ण सांगायचे तर माझा स्वतःचा मोठा धक्का इंग्रजांकडून आलाच नाही. आमच्याच इमारतीत पुण्याहून आलेले एक कुटुंब होते. तोही असाच संगणकाच्या कामावर पाठवलेला. जिन्यात त्यांचे मराठी कानांवर पडले आणि मी आनंदाने म्हणाले, ‘आपण कोठून आलात? आम्हीही मराठी आहोत.’ बाई थबकल्या. माझे आडनाव ऐकून आणखी थबकल्या. आपल्यापैकी पुष्कळांची आडनावे म्हणजे घाटावर कारकुनाने लिहून घेतलेले पणजोबांचे नाव, हे त्यांना कुठून माहीत असणार? मग त्यांनी मला हिंदीत उत्तर दिले. मी मराठीत बोलत राहिले, त्या हिंदीत. काही दिवसांनी हसून म्हणाल्या, ‘तुम्ही अगदी पुस्तकातलं बोलता हो!’

हसण्यात वाईट हेतू नव्हता, हे मला कळत होते. पण माझ्या जागी माझा विशीतला विद्यार्थी असता तर? तो त्या दिवसापासून मराठीतून एक शब्द बोलला नसता. असे झालेले तरुण मला माहीत आहेत. क्रेओल बोलतो म्हणून इंग्रज त्याला भारतीय मानत नाही, मराठी पुस्तकी म्हणून पुणेकर त्याला मराठी मानत नाही, आणि इकडे आपण त्याला म्हणतो, लंडनला जाऊन भारतीयांत राहिलास!

पुढे त्या बाईंशी ओळख वाढली. त्यांची मुले आईला इंग्रजीतून उत्तरे देत, आणि त्यांना त्याची काळजी होती. एकदा त्यांनी विचारले, ‘दीडशेहून जास्त वर्षं तुम्ही मराठी कशी टिकवलीत?’ मी खरे ते सांगितले. घरी आम्ही क्रेओल बोलतो. मराठी आहे ती गणपतीच्या आरतीत, झाकरीत, शाळेच्या तासाला, आणि एखाद्या आजीच्या तोंडी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपल्या मुलांचे पुढचे चित्र त्यांना माझ्यात दिसले असावे. त्यानंतर मात्र त्या माझ्याशी मराठीतच बोलू लागल्या, आणि ‘पुस्तकातलं’ हा शब्द पुन्हा निघाला नाही.

माझे मत असे. कंपन्या विमानाचे तिकीट देतात, भत्ता देतात, आणि मनाची तयारी मात्र कुणाच्या हिशेबात नसते. ती तयारी कंपनीने करावी असे मी म्हणेन, पण त्यावर विसंबून राहू नये. आपल्या मंडळ्या आणि सभा वर्षभर कार्यक्रम करतात. त्यांत एक शनिवार दुपार यासाठी ठेवायला काय हरकत आहे? परदेशी निघालेल्या मुलामुलींना बोलवावे. दुसऱ्या महिन्यात काय होते ते सांगावे. हिवाळ्यात दुपारी उजेड असेतो बाहेर पडावे, एक तरी इंग्रज शेजारी जोडावा, हाउन्सलोत राहावे पण सुट्टीच्या दिवशी तिथून बाहेरही निघावे, कुणी मराठीला हसले तर मराठीतच उत्तर द्यावे, असे साधे साधे. घरच्यांनीही बोलवावे, कारण फोनवर काय विचारावे हे त्यांनाही शिकायचे आहे. राजवाड्याऐवजी ‘झोप लागते का?’ असे विचारले तर पलीकडून निराळे उत्तर येते.

आणि सांगायला शोधून वक्ते आणायला नकोत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परिचारिका म्हणून गेलेल्या आणि निवृत्त होऊन परतलेल्या बायका आपल्या वाक्वा, कात्र बोर्न भागांतच राहतात. त्यांना हाउन्सलोही मिळाले नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकींना आजवर कुणी काही विचारलेले नाही, आणि आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत.