संगिनीचे खरे वय

जुने शस्त्र हाती आले की आपण आधी त्याची गोष्ट रचतो आणि मग त्याच्याकडे पाहतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

दिल्लीतल्या पहाडगंजशी मराठी माणसांचे जुने नाते आहे. नूतन मराठी विद्यालय तिथेच आहे. त्या भागात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी सुट्टीत मला एक पाते दाखवले. शेजारच्यांनी घर सोडताना जुने सामान विकायला काढले, त्यात ते सापडले होते. "पानिपतचं असणार. इथून पानिपत आहे तरी किती लांब?" काका म्हणाले. अंतर जेमतेम 90 किलोमीटर आहे, पण जवळ असणे हा पुरावा नव्हे.

पाते सरळ, 12 इंचांचे. पारजेला गोल कडे, मुठीच्या टोकाला खाच आणि दाबायचे बटण. तलवारीला कड्याचा काय उपयोग? ते रायफलच्या तोंडाशी अडकवण्यासाठी असते. म्हणजे ही संगीन. मुठीलगत बारीक ठसे होते : मुकुट, जी.आर.आय., एम.के. 2, आर.एफ.आय. आणि 43. जी.आर.आय. ही राजा व सम्राट जॉर्ज याची लॅटिन आद्याक्षरे. आर.एफ.आय. म्हणजे बंगालमधली इशापूरची रायफल फॅक्टरी. 43 म्हणजे 1943. ली-एन्फील्ड रायफलची ही संगीन दुसऱ्या महायुद्धातली, आपल्याच देशात घडलेली.

काकांचा चेहरा उतरला. मला त्यात उतरण्यासारखे काही दिसत नाही. त्या युद्धात 25 लाखांवर भारतीय सैनिक होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांना 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना 1945 च्या इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही संगीन त्यांच्या रेजिमेंटची होती असे मी म्हणणार नाही, कारण तीही रचलेली गोष्ट होईल. ती त्यांच्या काळातली आहे, एवढेच ठसे सांगतात आणि तेवढे पुरेसे आहे.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार मिळवली. तिच्या पात्यावर देवनागरीत सोन्याने त्यांचे नाव आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. ती अक्षरे कोणी घासून टाकली असती, तर ती कुणाची हे आज कसे कळले असते?

म्हणून कॅडेट मित्रांनो, बक्कल चमकवणारे ब्रासो जुन्या पात्यापासून दूर ठेवा. गंजाखाली ठसा असू शकतो. भिंग घ्या, पट्टी घ्या, प्रत्येक खूण वहीत उतरवा. ते कुणाकडून आणि केव्हा मिळाले तेही लिहा. पालकांनाही विनंती : संगीन आणि तलवार शस्त्र कायद्यात येतात, म्हणून भिंतीवर टांगण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. वस्तू 100 वर्षांहून जुनी असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होतो आणि ती परदेशी विकता येत नाही.

रायफल हाती देण्याआधी उस्ताद आपल्याला तिचा नंबर वाचायला लावतात. जुन्या शस्त्रालाही तोच नियम लावावा.