सशाला पानं द्या, तोंडाला पुसू नका

नारायणगाव, आळेफाटा, मंचर. पशुखाद्याच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरवर चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात. दूध वाढवणारी, भूक वाढवणारी, गाय गाभण राहायला मदत करणारी. ससे पाळायला घेतलेला कुणी हौशी पोरगा दिसला की त्यातलीच एक त्याच्या गळ्यात मारली जाते. ‘शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही!’ आत मेथी, कलौंजी, ओवा, बडीशेप, थोडा हिरडा आणि ‘आवश्यक खनिजं’. किती मेथी, कोणतं खनिज, याचा पाकिटावर पत्ता नसतो. पाल्हाळ मात्र चार भाषांत.

माझं भांडण मेथीशी नाही. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली आणि पर्यायांचा शोध जोरात सुरू झाला. इजिप्तमध्ये ससा खाण्यासाठीच पाळतात. तिथे वाढत्या सशांना कलौंजी, मेथी देऊन पुष्कळ प्रयोग झाले. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. पण तिथे आधी मूळ खाद्य तोलूनमापून ठरवतात, मग बी टक्क्यात मोजून घालतात. आपल्याकडे मूळ खाद्याच्या नावाने शंख आणि वर ‘एक चिमूट’. दूध तुटलेलं पिल्लू दिवसाला 60-70 ग्रॅम खातं असं धरा. त्याचा एक टक्का म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नाही. एवढी मेथी वाण्याकडे मिळते, तीही बिनफोटोची.

आता पिल्लं मरतात कशाने ते बघू. आईपासून तोडल्यावरचे पहिले काही आठवडे घातक. मालक लाडाने मक्याचा भरडा आणि पेंड ओततो, चारा नावाला. सशाच्या खाद्यात साधारण 14 ते 18 टक्के तंतू लागतो. तो कमी आणि पिष्ट जास्त झालं की आतड्यातला कारभार बिघडतो, हगवण लागते, पिल्लू दोन दिवसांत आडवं. त्याला सुकवलेली लसूणघास, गवत, शेवरीचा पाला हवा असतो. त्याऐवजी ओव्याची पूड चाटवायची म्हणजे घराला आग लागलेली असताना उंबऱ्यावर रांगोळी काढणं.

खनिजांचा घोळ तर त्याहून मोठा. उसाच्या वाढ्यावर पोसलेल्या गाईला खनिज मिश्रण द्यावंच, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. हा नियम सशाला लावणारा विक्रेता सशाच्या वाटेला गेलेलाच नसतो. गाईचं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं. ससा मात्र खाद्यात येईल त्यातलं बरंचसं शोषून घेतो आणि जादा झालेलं लघवीवाटे टाकतो. लसूणघासेत ते आधीच भरपूर. त्यावर गाईचं मिश्रण शिंपडलं की लघवी चुन्यासारखी घट्ट होते, पुढे खडे. पुडीतल्या हिरड्याचंही तेच. त्यात टॅनिन भरपूर, ते प्रथिनं पचू देत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा वेचणाऱ्या आदिवासी बायकांना भावासाठी झगडावं लागतं आणि त्याच हिरड्याच्या चित्रावर पुडी खपते, हे वेगळंच.

काही पुड्यांवर ‘बी जीवनसत्त्वांनी समृद्ध’ असंही असतं. ससा मऊ लेंडी थेट गुदाशी तोंड लावून परत खातो आणि पोटातल्या जंतूंनी बनवलेलं बी जीवनसत्त्व त्याला त्यातूनच मिळतं. निसर्गाने फुकट दिलेलं आपण पैसे मोजून पुन्हा घ्यायचं.

सगळ्यात राग येतो तो योजनावाल्यांचा. पिल्लं आमची, पिंजरा आमचा, खाद्य आमचं, पुडी आमची, माल परत घेणारही आम्हीच. 2012 मध्ये तमिळनाडूतल्या पेरुंदुराईचं इमू पाळण्याच्या योजनेतलं फसवणुकीचं प्रकरण गाजलं, 2019 मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं. दोन्हीकडे परत खरेदीचंच आमिष होतं. ज्याला ससा विकत घेणारं गिऱ्हाईक तालुक्यात दाखवता येत नाही, तो सशाचं वजन वाढवायची पुडी विकतो, यातली गंमत कुणाच्या लक्षात कशी येत नाही?

पावसाळ्यात बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड स्वस्तात मिळाली म्हणून बेंटोनाइट मातीसारखा विष बांधणारा ‘टॉक्सिन बाइंडर’ मिसळून ससा जगवू पाहणारेही आहेत. बुरशीची पेंड फेकायची असते. सशाला बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सहन होत नाही आणि बेंटोनाइटची पूड म्हणजे खराब माल खपवायचा परवाना नव्हे.

तेव्हा खाद्याच्या पोत्यावर तंतूचा टक्का लिहिलेला नसेल तर ते पोतं दुकानदाराकडेच राहू द्या. आणि पुडीचे पैसे वाचले तर पिंजऱ्याखालची लेंडी रोज काढणाऱ्या गड्याला द्या. पिल्लं मारणारा कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी ओल्या लेंडीत दोन-तीन दिवसांतच पिकतो आणि रोज झाडू मारला की त्याची साखळी तुटते. हे काम कुठलीही कलौंजी करत नाही.